हायडॅटिडच्या ब्लड टेस्ट शिकताय? निगेटिव्ह रिपोर्ट सोडायच्या आधी हे वाचा

लॅबमध्ये नवीन होते तेव्हा वाटायचं, एलायझात (रक्तातल्या अँटिबॉडी रंगाने दाखवणारी टेस्ट) रंग आला की आजार आहे, नाही आला की नाही, विषय संपला. हायडॅटिडने, म्हणजे टेपवर्मच्या अळीमुळे लिव्हर-फुफ्फुसात पाण्याच्या गाठी (सिस्ट) होणाऱ्या आजाराने, हा समज पार मोडला.

एकदा एक सॅम्पल आलं, फॉर्मवर नुसतं 'लिव्हर सिस्ट'. प्लेट लावली, पॉझिटिव्ह कंट्रोल (खात्रीचा पॉझिटिव्ह नमुना) छान निळा झाला, स्टॉप सोल्युशन घातल्यावर पिवळा, आणि पेशंटची वेल (प्लेटमधला खळगा) मात्र पाण्यासारखी. परत लावलं, तेच. निगेटिव्ह लिहून मोकळी झाले. पुढे ऑपरेशन झालं, सिस्टमधलं पाणी आमच्याकडे आलं, सेंट्रिफ्यूज करून खाली बसलेला गाळ स्लाइडवर घेतला तर त्या टेपवर्मची डोकी आणि सुटे पडलेले बारीक हुक, अगदी स्पष्ट! काही आठवड्यांनी त्याच पेशंटचं ब्लड लावलं तर रीडिंग कट-ऑफच्या (पॉझिटिव्ह धरायच्या रेषेच्या) बरंच वर.

मग सीनियर मॅडमनी बसवून समजावलं. सिस्टची भिंत शाबूत असली की आतलं अँटिजेन (शरीराला परका वाटणारा जंताचा पदार्थ) रक्तात फारसं येतच नाही, शरीराला पत्ताच लागत नाही, मग अँटिबॉडी कुठून बनणार? सिस्ट फुटली किंवा ऑपरेशनमध्ये उघडली की टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, चढतं. म्हणून आधी सोनोग्राफी बघा. डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात सीई १ म्हणजे कोवळी, अखंड सिस्ट आणि सीई ४-५ म्हणजे मरत आलेली, कॅल्सिफाइड, या दोन्ही टोकांना निगेटिव्ह जास्त सापडतात. लिव्हरपेक्षा फुफ्फुसातल्या सिस्टमध्येही टेस्ट जास्त वेळा फसते.

उलटा घोळही होतो. हायडॅटिडच्या एलायझात सिस्टिसर्कोसिसचा (डुकराच्या टेपवर्मच्या अळ्या मेंदूत-स्नायूत शिरण्याचा आजार) पेशंट पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण दोन्ही टेपवर्म एकाच घराण्यातले, अँटिजेनं मिळतीजुळती. त्यामुळे एलायझा पॉझिटिव्ह आली, विशेषतः ग्रे झोनमध्ये (कट-ऑफच्या आसपास) असली, तर इम्युनोब्लॉटने (अँटिबॉडी कोणत्या प्रोटीनला चिकटतात ते पट्ट्यांवर दाखवणारी टेस्ट) कन्फर्म करायचंच, इथे आळस नको. सिस्टिसर्कोसिससाठी १९८९ मध्ये आलेला ग्लायकोप्रोटीनवाला ब्लॉट खूप चांगला आहे, पण मेंदूत एकच सिस्ट असेल किंवा सगळ्या कॅल्सिफाइड असतील तर तोही हुकतो, तिथे सीटी-एमआरआयला पर्याय नाही.

पुस्तकात हायडॅटिडची कॅसोनी टेस्ट वाचाल, ती स्किन टेस्ट आता मागे पडली, परीक्षेपुरती लक्षात ठेवा.

आणि फॉलो-अपचं सॅम्पल असेल तर जास्तच सांभाळून, कारण बरं झालेल्या पेशंटमध्येही अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहतात, एका पॉझिटिव्हवरून आजार उलटला असं ठरवता येत नाही, जुन्या रीडिंगशी ताडून बघावं लागतं, जमलं तर जुनं साठवलेलं सीरम आणि नवं एकाच प्लेटवर लावा. मी आता फॉर्मवर स्कॅनची माहिती नसेल तर वॉर्डला फोन करून विचारतेच, आणि स्कॅनवर संशय असताना निगेटिव्ह आली तर रिपोर्टखाली लिहिते, 'निगेटिव्ह टेस्टमुळे हायडॅटिड नाही असं म्हणता येत नाही, सुई घालण्याआधी चर्चा करावी', कारण साधी सिस्ट समजून तयारीशिवाय सुई घातली आणि पाणी आत सांडलं तर जीवघेणी अ‍ॅलर्जी येऊ शकते.