आरव्हीतला (राहण्याची सोय असलेल्या गाडीतला) गीझर, टाकीचा की टँकलेस (बिनटाकीचा, पाणी वाहता वाहता तापवणारा): या चुका टाळा

"टँकलेस बसवलाय, आता गरम पाणी संपतच नाही," असं सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, गाडीतली पाण्याची टाकी केवढी? ४० गॅलन. मग संपत नाही कसं? नळजोडणी नसलेल्या ठिकाणी उतरलात की आधी टाकी रिकामी होते, नाहीतर सांडपाण्याची भरते. सहा गॅलनच्या टाकीचा गीझर असलेली माणसंही तिथे आंघोळ करूनच परततात.

आता आपली खास देशी चूक: विसण. युटात मोआबजवळ, नोव्हेंबरात. बायको साबण लावून उभी आणि पाणी क्षणात चटका, क्षणात बर्फ. "अरे, गॅस संपला का बघ!" मी टॉर्च घेऊन बाहेर. सिलिंडर अर्धा भरलेला. गीझरजवळ कान लावून बसलो तेव्हा कळलं. आत तिने थंडाचा नळ सोडला की इकडे बर्नर बंद. गरमाची धार बारीक झाली की टँकलेसला वाटतं नळच बंद केला. मिनिटाला साधारण अर्धा गॅलन तरी वाहावं लागतं, काहींना त्याहून जास्त. तेव्हापासून मी पॅनलवर १०५ फॅरनहाइट लावतो आणि फक्त गरमाचा नळ पूर्ण सोडतो. पाणी वाचवायला मध्येच शॉवर बंद करायची सवय असेल तर टाकीवालाच घ्या. टँकलेसमध्ये दर वेळी मध्ये गार पाण्याचा घोट येतोच.

घेताना बीटीयू, म्हणजे गीझरची तापवायची ताकद, बघा. मिनिटाला दीड गॅलनच्या धारेला ४२,००० बीटीयूचा टँकलेस पाणी जेमतेम ४५ अंश फॅरनहाइटने तापवतो, ६०,०००चा साठेक अंशांनी. फ्लोरिडात दोन्ही चालतील. कोलोरॅडोच्या थंडीत पहिला नुसता कोमट.

टाकीवाला गीझर विजेवरही चालत असेल तर त्याची टाकी भरायच्या आत विजेचं बटण दाबू नका, एलिमेंट (आतली तापणारी कांडी) जळतो. मी गरमाच्या नळातून फसफस थांबून सलग धार येईपर्यंत बटणाला हात लावत नाही. एवढंही थांबवत नाही लोकांना!

पोलादी टाकीचा अ‍ॅनोड रॉड (स्वतः गंजून टाकीला वाचवणारी धातूची कांडी) वर्षातून एकदा काढून बघा, पण टाकी गार करून आणि दाब सोडून.

आणि हिवाळ्यात गीझर रिकामा ठेवताना फिरवलेली बायपासची झडप परत फिरवायला विसरू नका, नाहीतर गार पाणी गीझरला वळसा घालून थेट गरमाच्या नळात येतं. एप्रिलमध्ये ओळखीतल्या एकाचा फोन आला, पाणी कोमटच येतंय, नवा गीझर घ्यायला दुकानाच्या दारात उभा होता. त्याला तिथूनच परत फिरवला.