पॉइंट टू-टू रायफलसाठी बेताच्या किमतीतला स्कोप निवडताना

स्वस्त स्कोप (रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण) घेताना बहुतेकांची नजर आधी मॅग्निफिकेशनच्या आकड्यावर जाते. माझ्या मते मात्र पहिली चौकशी पॅरलॅक्सची, म्हणजे डोळा हलताच नेम सरकल्यासारखा दिसण्याच्या दोषाची करावी. मोठ्या काडतुसांच्या रायफलींचे स्कोप सहसा १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात, तर रिमफायरचे (पॉइंट टू-टूसारख्या, काडतुसाच्या कडेवर आघात होऊन बार उडणाऱ्या रायफलींचे) ५० यार्डांच्या आसपास. त्यामुळे जवळच्या लक्ष्यावर चुकीचा स्कोप वापरला, तर डोळा किंचित हलताच क्रॉसहेअर (नेमाची फुली) सरकलेली दिसते. खरेदीपूर्वी स्कोप घट्ट टेकवून, ५० यार्डांवरच्या एखाद्या बिंदूवर रोखावा आणि त्याला हात न लावता डोके डावी-उजवीकडे हलवून हे जरूर तपासावे. ३-९ पट मॅग्निफिकेशन पुरेसे आहे. त्यापुढे स्वस्त काचेतून चित्र अंधूकच होत जाते. रायफलवर ११ मिलिमीटरची डव्हटेल पट्टी (स्कोप बसवण्याची खाचेची पट्टी) असेल, तर स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगाही त्याच मापाच्या घ्याव्यात.