शाफ्टसाठी उच्च ताकदीचे ॲल्युमिनियम निवडताना या चुका टाळा

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये शाफ्टचे वजन कमी करायचे ठरले की पहिले नाव बहुधा ७०७५-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे निघते (टी६ ही त्याची उष्णता-प्रक्रियेची अवस्था). त्याची यील्ड ताकद (कायमचा आकार बदलण्याआधी सहन होणारा ताण) सुमारे ५०० मेगापास्कल, तर ६०६१-टी६ या दुसऱ्या मिश्रधातूची सुमारे २७५ असल्याने हा ओढा समजण्यासारखा आहे. मात्र शाफ्ट नेमका कशामुळे निकामी होतो आहे हे न तपासता केवळ या आकड्यावर मिश्रधातू ठरवणे, ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे.

६०६१ चा शाफ्ट भाराखाली लवतो आणि सील गळू लागते, म्हणून त्याच व्यासाचा ७०७५ चा शाफ्ट बसवला जातो. तरीही तक्रार जशीच्या तशी राहते. याचे कारण असे की लवचिकता गुणांक (पदार्थाचा अंगभूत ताठरपणा) दोन्हींचा जवळपास सारखाच, सुमारे ७० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतो. येथे उपाय व्यासाचा आहे. ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे २५ मिलिमीटरच्या पोलादी शाफ्टइतका ताठरपणा ॲल्युमिनियममध्ये सुमारे ३३ मिलिमीटरला मिळतो, आणि वजन तरीही ४० टक्क्यांच्या आसपास कमीच राहते. अर्थात बेअरिंग आणि सील बदलावे लागतात, त्यामुळे हा हिशेब ड्रॉइंग पक्के होण्याआधीच करावा.

बेअरिंग गरम होऊन जाम होत असेल, तर फिट (बेअरिंग शाफ्टवर किती घट्ट बसते ते) तपासावा. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावते. ४० मिलिमीटरच्या शाफ्टचे तापमान ६० अंशांनी वाढल्यास आतल्या रिंगवरील पकड सुमारे २९ मायक्रॉनने वाढते. पोलादी शाफ्टचा टॉलरन्स (मापातली मान्य तफावत) येथे जसाच्या तसा उतरवू नये.

की-वे (चावी बसवण्याची खाच) पाडल्यानंतर रनआउट (फिरताना शाफ्टचे डगमगणे) वाढला, तर ऑपरेटरला बोल लावण्याआधी बारचे टेस्ट सर्टिफिकेट पाहावे. क्वेंचिंगमुळे (तापवून झटकन थंड केल्यामुळे) बारमध्ये ताण कोंडलेले असतात आणि एका बाजूचा माल निघताच ते मोकळे होऊन शाफ्ट वाकतो. टी६५१ अवस्थेतील बार क्वेंचिंगनंतर ताणून हे ताण बरेच कमी केलेले असतात. म्हणून खरेदी-ऑर्डरवर नुसते ‘७०७५’ न लिहिता पूर्ण टेंपर (टी६५१ सारखी अवस्था) लिहावा.

फिरणाऱ्या शाफ्टमध्ये थकव्याचा, म्हणजे वारंवार पडणाऱ्या भाराने तडा जाण्याचा, विचार अटळ आहे. पोलादासारखी निश्चित सुरक्षित मर्यादा ॲल्युमिनियमला नसते. ७०७५-टी६ ची थकवा-ताकद ५० कोटी आवर्तनांना सुमारे १६० मेगापास्कलवर येते, तीही गुळगुळीत नमुन्यावर. शोल्डरला (व्यास बदलतो त्या पायरीला) धारदार कोपरा ठेवल्यास ती आणखी घटते. झीज टाळण्यासाठी केलेले हार्ड ॲनोडायझिंगही (पृष्ठभागावर कठीण ऑक्साइडचा थर चढवणे) थकवा-आयुष्य कमी करते आणि ५० मायक्रॉनच्या थराने व्यास सुमारे ५० मायक्रॉनने वाढवते, त्यामुळे बेअरिंगच्या जागा मास्क कराव्यात (थर चढू नये म्हणून झाकाव्यात) किंवा तेवढी सूट आधीच ठेवावी.

ओलाव्यात सतत ताणाखाली राहणाऱ्या शाफ्टसाठी ७०७५ चा टी७३ टेंपर घ्यावा: ताकद थोडी कमी मिळते, पण ताण-गंजाने तडा जाण्याचा धोका बराच घटतो. आणि ७०७५ वर वेल्डिंगने दुरुस्ती करू नये. वितळलेला भाग थंड होताना तडकतो.