गुडघ्याखाली की गुडघ्यावर? कृत्रिम पाय घेण्याआधी या चुका टाळा

गुडघ्याखालून पाय कापलेला रुग्ण घरी गेला की पहिल्याच रात्री कोणीतरी मायेने स्टंपखाली, म्हणजे कापलेल्या पायाच्या राहिलेल्या भागाखाली, उशी सरकवते. या उशीने केलेले नुकसान मी इतक्या वेळा पाहिले आहे की वॉर्डात ती दिसली तर न बोलता उचलून कपाटात ठेवतो. एका शेतकऱ्याचा गुडघा शस्त्रक्रियेनंतर उत्तम हलत होता. सॉकेटच्या, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत स्टंप बसतो तिच्या, मापासाठी ते परत आले, तेव्हा तो वाकलेल्या अवस्थेतच आखडलेला होता. "उशी काढली की बाबा कळवळायचे हो," असे मुलगी सांगत होती. माप बाजूला राहिले आणि आधी गुडघा सरळ करण्याचे व्यायाम सुरू झाले. वास्तविक शाबूत गुडघा हीच गुडघ्याखालून पाय कापण्यातली कमाई आहे. अपघातात गुडघ्याखालून पाय गेला तर चालण्याचे श्रम साधारण पंचवीस टक्क्यांनी वाढतात, मांडीतून गेला तर साठ-पासष्ट टक्क्यांनी. म्हणून गुडघा सरळ ठेवावा, खुर्चीत बसताना स्टंपखाली फळी घ्यावी. मांडीतून पाय गेलेल्यांचा खुबा दिवसभर बसून आखडतो. त्यांनी रोज दोनदा तरी वीस मिनिटे पालथे झोपावे. हा कंटाळवाणा उपाय टाळणारेच पुढे महागड्या कृत्रिम गुडघ्याची चौकशी करतात.

दुसरी चूक तुलनेची. "आमच्या गावचा अमुक तर लगेच शेतात जायला लागला," असे ऐकले की मी प्रथम त्याचा पाय कुठून कापला होता ते विचारतो, आणि उत्तर बहुधा गुडघ्याखालून असेच येते. जयपूरमध्ये 1968 च्या सुमारास घडलेला जयपूर फूट हा कृत्रिम पाय उकिडवे बसू देतो खरा, परंतु ती लवचीकता पावलात आहे. मांडीतून पाय गेलेल्याला कृत्रिम गुडघा खुब्याच्या स्नायूंनी सांभाळावा लागतो आणि ही ताकद पैशाने मिळत नाही. वयस्कर, अशक्त रुग्णाला उभे राहताना लॉक होणारा साधा गुडघा पुष्कळदा अधिक सुरक्षित ठरतो, हे मात्र व्हिडिओ पाहून आलेल्या नातेवाइकांना पटत नाही.

स्टंपवर गुंडाळायचे क्रेप बँडेज टोकाशी घट्ट आणि वर सैल असावे. मांडीच्या स्टंपला ते कमरेपर्यंत न्यावे, नाहीतर घसरते. सॉकेट सैल झाले तर चिंध्या न कोंबता स्टंपवर आणखी एक मोजा चढवावा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. मधुमेह असेल तर उरलेल्या पायाचा तळवा रोज रात्री आरशात पाहावा.