पगारवाढ, कराचे टप्पे आणि घरखर्च: हिशोब कसा मांडावा

‘पगार वाढला की वरच्या स्लॅबमध्ये जाऊ आणि हातात आधीपेक्षा कमी पडेल,’ ही भीती अनेक नोकरदारांना वाटते. ती बहुतेक वेळा निराधार असते. वरचा दर सगळ्या उत्पन्नाला लागत नाही, त्या टप्प्यात येणाऱ्या रकमेलाच लागतो. एकदा हे आकडे मांडून पाहिले की घरखर्चाचं गणितही नीट बसतं. खालचा हिशोब आर्थिक वर्ष २०२५-२६ आणि नवीन करप्रणालीचा आहे.

१. करपात्र रक्कम काढा. सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) आकडा धरू नका. त्यात कंपनीने भरलेला पीएफ आणि बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही मिसळलेली असते. सॅलरी स्लिपवरचा वर्षाचा एकूण पगार घ्या आणि त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट करा. १५ लाख पगार असेल तर उरतात १४,२५,०००.

२. टप्प्याटप्प्याने कर लावा. पहिल्या ४ लाखांवर शून्य. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ लाखांवर १० टक्के, म्हणजे ४०,०००. उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्के, म्हणजे ३३,७५०. बेरीज ९३,७५०, त्यावर ४ टक्के उपकर धरून ९७,५००. ‘१५ टक्क्यांच्या स्लॅबमधला’ हा माणूस प्रत्यक्षात पगाराच्या साडेसहा टक्केच कर भरतो. पुढचे दर १६ लाखांच्या पुढे २०, २० लाखांच्या पुढे २५ आणि २४ लाखांच्या पुढे ३० टक्के.

३. १२ लाखांच्या काठावर असाल तर थांबा. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे पगारावर कर शून्य होतो. नोकरदाराला पावणेतेरा लाख पगारापर्यंत काहीच भरावं लागत नाही. त्यापुढे मात्र ती भीती खरी ठरते. पगार १३ लाख झाला तर करपात्र रक्कम १२,२५,०००. मार्जिनल रिलीफमुळे (१२ लाखांच्या वर जेवढी रक्कम, त्याहून जास्त कर होऊ न देणारी सूट) कर वरच्या २५,००० इतकाच राहतो, पण उपकर धरून २६,००० जातात. म्हणजे २५,००० वाढ मिळूनही हातात हजार रुपये कमी! करपात्र रक्कम साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हीच स्थिती असते. अशा वेळी ती वाढ कंपनीमार्फत एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) वळवता येईल का, हे एचआरला जरूर विचारा. मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतचं कंपनीचं योगदान नवीन प्रणालीतही वजा होतं. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात, पण करात तरी जात नाहीत.

मोठं गृहकर्ज, घरभाडं आणि ८०सी (पीएफ, विमा अशा बचतीवरची वजावट) असं सगळं असेल तर या वजावटी देणाऱ्या जुन्या प्रणालीने एकदा ताडून पाहा. बाकीच्यांनी त्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

४. हातात येणाऱ्या रकमेवरच बजेट करा. १५ लाखांच्या उदाहरणात महिन्याचे १,२५,०००. त्यातून टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) ८,१२५, व्यवसायकर २०० (फेब्रुवारीत ३००), आणि मूळ पगार ५०,००० असेल तर पीएफ ६,०००. उरतात १,१०,६७५. घर याच आकड्यावर चालवायचं. बोनस यात धरू नका.

५. वर्षाचे खर्च आधी बाजूला काढा. किराणा, दूध, वीजबिल, मेंटेनन्स, कामवाल्या मावशींचा पगार हे सगळ्यांच्या लक्षात असतं. बजेट मोडतं ते जूनमधल्या शाळेच्या फीने, विम्याच्या हप्त्याने, गणपती-दिवाळीने. गेल्या वर्षाचं बँक स्टेटमेंट उघडून असे खर्च शोधा. समजा फी ६०,०००, आरोग्यविमा २४,०००, गाडीचा विमा १२,००० आणि सणवार व गावाला जाणं ३६,०००. एकूण १,३२,०००, म्हणजे महिन्याला ११,०००. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी ही रक्कम वेगळ्या खात्यात जाऊ द्या. त्या खात्याचं एटीएम कार्ड पाकिटात ठेवू नका.

६. एफडीच्या व्याजाचा कर विसरू नका. बँक १० टक्के टीडीएस कापते आणि अनेकांना वाटतं, झालं. तुमचा वरचा टप्पा १५ टक्क्यांचा असेल तर उपकरासह १५.६ टक्के द्यायचे असतात. ६०,००० व्याजावर ६,००० कापले गेले तरी ३,३६० बाकी राहतात. ही रक्कमही त्याच वेगळ्या खात्यात टाका, आणि रिटर्न भरताना व्याजाचा आकडा एआयएसमधून (आयकर विभागाकडचं तुमच्या उत्पन्नाचं वार्षिक विवरण) पडताळून घ्या.