डब्लिनमध्ये लाँग एक्सपोजर कुठे बिघडतं: या चुका टाळा

फोटो मोठ्या पडद्यावर उघडला आणि हापेनी ब्रिजच्या दिव्यांच्या कडा दुहेरी दिसल्या, की संशय आधी लेन्सवर जातो. लेन्स बहुतेक वेळा निर्दोष असते. लाँग एक्सपोजर, म्हणजे शटर काही सेकंद उघडं ठेवून घेतलेले इथले फोटो, बिघडतात ते पायाखालच्या हादऱ्याने, लिफी नदीच्या ओहोटीने आणि वाऱ्याने.

हलत्या जागेवर ट्रायपॉड

सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात. नदीच्या उत्तर काठावरचा बोर्डवॉक लाकडी आहे. चार फुटांवरून कुणी चालत गेलं तरी फळी दबते आणि ट्रायपॉडचा पाय तिच्याबरोबर खाली-वर होतो. १८१६ चा हापेनी ब्रिज आणि शेजारचा मिलेनियम ब्रिज हे पायी चालण्याचे पूल, पावलांनी हादरतात. ओ'कॉनेल ब्रिजवरून तर बसही जातात आणि लुआस ट्रॅमही.

तपासणी सोपी आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) दूरचा एखादा दिवा दहापट मोठा करून बघत राहा. बस गेली आणि दिवा थरथरला, तर जागा सोडा आणि काठाच्या फरसबंद पदपथावर या. पुलावरूनच फोटो हवा असेल तर ३० सेकंदांच्या एका फ्रेमऐवजी ४ सेकंदांच्या आठ फ्रेम घ्या. हादरलेल्या टाकून द्या आणि उरलेल्यांची सॉफ्टवेअरमध्ये सरासरी काढा. पाणी तेवढंच मऊ दिसतं.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, वाऱ्यात तो फडफडतो. वजनासाठी बॅग अडकवलीत तर तिचा तळ जमिनीला टेकू द्या, नाहीतर तीच झोके घेत ट्रायपॉड हलवते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद, टायमर २ सेकंदांवर.

भरतीची वेळ न बघणं

शहरातून जाणारी लिफी भरती-ओहोटीची नदी आहे. ओहोटीला धक्क्याच्या भिंतींचा हिरवा, शेवाळलेला भाग उघडा पडतो, कडेला चिखल दिसतो आणि पुलाचं प्रतिबिंब आक्रसतं. डब्लिन बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघून निघा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे आज ती दुपारी चारला असेल, तर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी सात-आठला मिळेल.

संधिप्रकाशाचा चुकलेला अंदाज

मुंबई-पुण्याची सवय असलेले लोक सूर्य मावळताच घाई करतात किंवा लवकर आवरतात. तिथे वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. डब्लिन ५३ अक्षांशावर आहे. जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास आणि त्यानंतर पाऊण तास तरी आकाशात उजेड. डिसेंबरमध्ये मात्र चार वाजून गेले की सूर्य मावळतो, म्हणजे साडेतीनलाच जागेवर हवं. आकाशाची निळाई आणि दिवे तोलात आले की आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ आणि १० ते १५ सेकंदांपासून सुरुवात करा. तेव्हा प्रकाश कमी करणारा गडद एनडी फिल्टर लागत नाही.

ट्रॅमची तुटलेली रेघ

लुआसच्या ग्रीन लाइनवरची लांब ट्रॅम सुमारे ५५ मीटरची आहे. चौकटीत ३० मीटर रस्ता येत असेल आणि ट्रॅम ताशी २० किलोमीटरने जात असेल, तर ती पूर्ण शिरून बाहेर पडायला १५ सेकंद लागतात. चार सेकंदांचं एक्सपोजर दिलं की रेघ मध्येच तुटते. बल्ब मोड आणि रिमोट वापरा. ट्रॅम दिसली की शटर उघडा, शेपूट बाहेर गेली की बंद करा. खिडक्यांचे पट्टे पांढरेफटक पडत असतील तर अपर्चर एफ/१६ करा. आणि रुळांपासून लांब उभे राहा; ट्रॅम फारसा आवाज न करता येते.

दिवसा सरसकट १० स्टॉपचा फिल्टर

ढगाळ दुपारी एफ/८ ला १/६० सेकंद येत असेल, तर १० स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) लावल्यावर ते साधारण १७ सेकंद होतं. नदीसाठी उत्तम. ग्राफ्टन स्ट्रीटवर मात्र तेवढ्या वेळात चालणारी माणसं जवळजवळ नाहीशी होतात आणि रस्ता ओस वाटतो. तिथे ६ स्टॉप पुरे, एक्सपोजर अर्धा ते एक सेकंद. गर्दी वाहती दिसते आणि तिच्यात स्थिर उभा असलेला माणूस ठळक उठून येतो. फोकस फिल्टर लावण्याआधी करून मॅन्युअलवर न्या. डीएसएलआर असेल तर आयपीस (डोळा लावायची खिडकी) झाका, मागून प्रकाश शिरतो.

हातात कॅमेरा धरून रात्री रस्त्यावर टिपताना काही फ्रेमवर आडवे पट्टे येतात. आयर्लंडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मेकॅनिकल शटर लावा, १/५० किंवा १/१०० ठेवा.

वाऱ्याकडे तोंड

इथे वारा बहुतेक नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. ओ'कॉनेल ब्रिजवरून पश्चिमेला हापेनी ब्रिज टिपताना पाऊस थेट फिल्टरवर आपटतो. मिलेनियम ब्रिजजवळच्या काठावर जा आणि तोच पूल पूर्वेकडे बघून घ्या, वारा पाठीशी येतो. दर फ्रेमनंतर फिल्टर तिरपा धरून बघा. एक थेंबसुद्धा दिव्याभोवती मोठा डाग करतो. दोन-तीन कोरडी फडकी जवळ हवीत, कारण ओल्या फडक्याने पुसलं की पाणी पसरतं. ग्रेट साउथ वॉलवर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्यावर, गेला असाल तर घरी येऊन ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा. मीठ राहिलं तर आवळण्या घट्ट बसतात.