ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचं अंतर आणि वेळ कशी काढावी

सपाट नकाशावर पट्टी ठेवून उत्तर ध्रुवाकडची अंतरं मोजा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नेहमीच्या ऑनलाइन नकाशावर नॉर्वेतलं ट्रोम्सो ते स्वालबार्ड या आर्क्टिक बेटांवरचं लाँगइयरब्येन ही रेघ मुंबई-दिल्लीच्या पावणेतीनपट दिसते. प्रत्यक्षात ती मुंबई-दिल्लीपेक्षा लहान आहे. ध्रुवाकडे जाऊ तसा हा नकाशा ताणत जातो.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. ट्रोम्सो: ६९.६८ उत्तर, १८.९२ पूर्व. लाँगइयरब्येन: ७८.२५ उत्तर, १५.४७ पूर्व.

अक्षांशांतला फरक ८.५७ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, म्हणून त्याला १११ ने गुणा: ९५१ किमी.

आता रेखांश. फरक ३.४५ अंश. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि बहुतेक सल्लेही इथेच चुकतात. रेखांशाच्या अंशालाही सरसकट १११ किमी धरायचे नाहीत. सगळ्या रेखावृत्तांना ध्रुवावर एकत्र यायचं असतं, त्यामुळे वर जाऊ तशी त्यांच्यातली जागा आटते. मुंबईच्या अक्षांशावर एक अंश म्हणजे सुमारे १०५ किमी, ७४ अंशांवर जेमतेम ३१. म्हणून दोन्ही अक्षांशांची सरासरी काढा (इथे ७४), तिचा कोसाइन घ्या (०.२७६) आणि त्याने गुणा. ३.४५ × १११ × ०.२७६ = १०६ किमी. कोसाइन विसरलात तर हेच ३८३ होतात!

मग पायथागोरस: ९५१ आणि १०६ चा कर्ण, ९५७ किमी.

ही युक्ती जवळच्या ठिकाणांपुरतीच वापरा. ट्रोम्सोहून अलास्कातल्या उत्कियागविकला रेखांशांचा फरक पावणेदोनशे अंशांचा आहे. या हिशेबाने साडेसहा हजार किमी येतात, पण गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग ध्रुवाच्या अगदी जवळून जातो आणि भरतो सुमारे ४,३४० किमी. तिथे गोलावरचं अंतर काढणारं हॅवरसाइनचं सूत्रच हवं.

वेळेसाठी जेटचा वेग ताशी ८०० किमी धरा: सव्वा तासाच्या आत. धावपट्टीवरचं रांगणं, चढणं-उतरणं यांचा अर्धा तास मिळवा. एकूण सुमारे एक तास चाळीस मिनिटं. दोन्हीकडे घड्याळ एकच.

प्रवासाचा वेळ मात्र याहून मोठा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनबाहेर (आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे, त्यामुळे पासपोर्ट तपासणी होते. भारतीय पासपोर्टवर स्वालबार्डसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, पण परतताना तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरता. शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचाच घ्या. आणि परतीच्या दिवशीच भारताचं विमान धरू नका. धुकं किंवा वादळ आलं तर लाँगइयरब्येनहून निघायला रस्ता नाही, रेल्वे नाही. मध्ये एक मोकळा दिवस ठेवाच.